सुळा पडायच्या आत

माणसाने एकसष्टाव्या वर्षी काय करावं आणि काय करू नये, याची यादी आमच्या गल्लीत प्रत्येकाकडे तयार आहे. कोंबडे पाळावेत, चर्चच्या समितीवर जावं, रक्तदाब मोजावा, हे करावं या बाजूला. जिना धावत चढू नये, हे करू नये या बाजूला. लग्नाची मागणी घालणं दोन्ही बाजूंना नाही, कारण ते कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं. एकतीस वर्षं सरकारी खिडकीमागे बसलेला माझ्यासारखा माणूस नियमात जे नाही ते करत नाही. मी केलं, आणि त्यापायी सगळ्या मक्तान बेटाने माझी मजा पाहिली.

मेनिंग आमच्या शाळेत गणित शिकवते. वय बावन्न, लग्न केलेलं नाही. मी विधुर. रविवारी चर्चमधून निघालो की आम्ही दोघं एकाच गाडीवर भाताची पेज खायचो, आणि मी तिच्यासाठी बाकावर रुमाल टाकून जागा धरायचो. असं सहा वर्षं चाललं. एका रविवारी ती म्हणाली, "दुलो, हा रुमाल आणखी किती वर्षं टाकणार आहात?"

मी म्हटलं, "अर्ज केला तर चालेल का?"

"तातयकडे करा," असं म्हणून तिने माझ्या पेजेत आलं घातलं. तातय म्हणजे तिचे वडील, पोंसो. वय शहाऐंशी. घराच्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, साठ वर्षं गिटारी करणारा माणूस.

मागणी घालायला आमच्याकडे एकट्याने जात नाहीत. बोलका माणूस बरोबर लागतो. शेजारचा बासिल्यो आपण होऊन पुढे आला. एकोणतीस वर्षांपूर्वी या बासिल्योने स्वतः मेनिंगला मागणी घातली होती आणि तो नापास झाला होता. आता त्याला बायको आहे, पाच मुलं आहेत. "मला त्या घराचा अनुभव आहे," तो म्हणाला. नापास झालेल्याचा अनुभव कितपत घ्यावा, याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

बासिल्योच्या सांगण्यावरून मी भेट म्हणून चिचारोन नेले, डुकराच्या कातडीचे तळलेले तुकडे, चांगले कडक. तातयना तीस वर्षं काही ऐकू येत नाही. एकट्या मेनिंगचे ओठ त्यांना वाचता येतात. बाकीच्यांनी लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीने लिहून दाखवायचं. तरीही बासिल्यो पंधरा मिनिटं घसा ताणून माझे गुण गात होता. तातय शांतपणे चिचारोन चोखत त्याच्या हातवाऱ्यांकडे बघत राहिले. तो दमला तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"मेनिंगच्या आईसाठी मी तिच्या बापाकडे दोन वर्षं पाणी भरलं, लाकडं फोडली. आता नळ आला, गॅस आला. तू काय करणार, पोरा?"

एकसष्टाव्या वर्षी 'पोरा' म्हटलेलं ऐकून मला, खरं सांगतो, जरा बरंच वाटलं. मी ढलपी मागितली आणि लिहिलं, 'आपण सांगाल ते.' सरकारी नोकरीत असतो तर असं कोऱ्या कागदावर कधी लिहून दिलं नसतं.

"गिटार कर," तातय म्हणाले. "इथे, माझ्या डोळ्यांसमोर, स्वतःच्या हातांनी. लाकूडही तुझंच. झाली की मी ऐकेन, मग सांगेन."

"ऐकतील कसे?" मी बासिल्योला हळूच विचारलं.

"दाताने," बासिल्यो म्हणाला. "माझ्या गिटारीला इथे चावले होते." त्याने मनगट दाखवलं, पण त्याला म्हणायचं होतं गिटारीची वरची कड.

तातय गिटारीच्या कडेवर दात रोवतात आणि कोणालातरी तार छेडायला सांगतात. आवाज लाकडातून दातात, दातातून जबड्यात आणि तिथून डोक्यात जातो. त्यांच्या प्रत्येक गिटारीवर ती बारीक खूण असते; लांबलांबचे लोक विकत घेताना आधी खूण शोधतात. अडचण एवढीच, की तातयना आता एकच दात उरला आहे. डावीकडचा खालचा सुळा. कवळी आहे, पण ती ग्लासात असते, कारण कवळी खोटं बोलते असं त्यांचं मत आहे.

हे बासिल्यो मला सांगत असतानाच कट् असा आवाज झाला. तातयनी गालाला हात लावला. मेनिंगने आधी चिचारोनच्या पिशवीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुळा हलतोय, आजच काढू. तातय म्हणाले, आधी गिटार. शेवटी बाईंनी दोन महिन्यांची मुदत दिली, तीही मऊ खाल्लं तर. म्हणजे मुदत मीच कमी करून घेतली होती, आणि तीही भेट नेऊन.

मी मेनिंगला म्हटलं, "आणि आधीच पडला तर?"

"मी बावन्न वर्षांची आहे, मला कायद्याने कोणाची परवानगी लागत नाही," ती म्हणाली. "पण आई गेल्यापासून तातय आणि मी, एवढेच आहोत. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी या घरातून हलणार नाही. तेव्हा तुम्ही लवकर करा."

माझं पुढचं सगळं आयुष्य एका हलत्या सुळ्यावर येऊन ठेपलं, ते असं.

पहिला प्रश्न लाकडाचा. बासिल्यो म्हणाला, "तुझ्या अंगणात फणस आहे ना? गिटारीला फणसच लागतो. उतरत्या चंद्राला, ओहोटी बघून तोड, म्हणजे भुंगा लागत नाही. आणि तोडायच्या आधी झाडावर जे कोणी राहतं त्यांची माफी माग." मी पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसलो. दिवस काढला, झाडासमोर उभं राहून मोठ्या आवाजात माफीही मागितली. समोरच्या घरातल्या बायका ते बघत होत्या. मग तातयना दिवस कळवायला ढलपी लिहिली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "ओलं लाकूड वाळायला चार वर्षं लागतात, ते माहीत आहे का?" हे बासिल्योला माहीत नव्हतं. एकोणतीस वर्षांपूर्वी तो नापास का झाला, याचा मला थोडा उलगडा झाला. झाडावर राहणाऱ्यांची मात्र मी उगाचच झोपमोड केली.

वाळलेलं, जुनं आणि माझं म्हणता येईल असं लाकूड कुठून आणायचं? माझं घर सिमेंटचं, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. दोन दिवस विचार केल्यावर मला माझा काउंटर आठवला.

आमच्या कचेरीत खिडकीखाली फणसाच्या जाड फळ्यांचा काउंटर होता. त्यामागे मी एकतीस वर्षं काढली. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा काउंटर मागच्या शेडमध्ये टाकून दिला होता. मला वाटलं, जावं, दोन माणसं लावावीत आणि उचलून आणावा. तिथे आता माझ्या जागेवर मिस ओबेंसा बसते. तिला काम मी शिकवलं. माझी ओळख ठेवून ती उठून उभी राहिली, खुर्ची दिली, आणि म्हणाली, "सर, निर्लेखनाचा अर्ज लागेल. तीन प्रतींत."

"मोडका काउंटर आहे तो, मिस ओबेंसा."

"मोडका असल्याचा दाखला लागेल. आणि इतर कोणत्याही विभागाला त्याची गरज नाही, असे सात विभागांचे ना हरकत दाखले."

"हा असला नियम केला कोणी?"

तिने कपाटातून पिवळं पडलेलं परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. खाली माझी सही होती. त्या काळी माझी सही फार सुबक होती.

सात दाखल्यांसाठी मी तीन आठवडे हिंडलो. पाणीपुरवठ्यात साहेब रजेवर, आरोग्यात शिक्का हरवलेला, आणि स्मशानविभागाचा माणूस म्हणाला की आम्हाला काउंटरची गरज नाही हे आम्ही लिहून देऊ, पण उद्या पडली तर? रांगेत उभा असताना लोक मला ओळखायचे. एका बाईंनी तर खूण पटवून दिली: "तुम्हीच ना ते? २००४ मध्ये माझ्या नवऱ्याचं नाव एका अक्षराने चुकलं म्हणून चार वेळा परत पाठवलंत?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "बसा, उभे का?" आणि सरकून जागा दिली. मला शरमेने कुठे बघावं कळेना.

इकडे गल्लीत सुळ्याचं वार्तापत्र निघू लागलं. सकाळी पाव आणायला गेलं की बेकरीवाली विचारायची, "आज कसा आहे?" कोणी माझी तब्येत विचारत नव्हतं. मेनिंग तातयना पेज, शिजवलेलं केळं आणि उकडलेली रताळी, एवढंच देत होती, आणि तातय चिचारोनच्या आठवणी काढत होते. चर्चमधल्या बायकांनी दातदुखीच्या संतिणीला, सांता आपोलोनियाला, मेणबत्त्या लावायला सुरुवात केली. सुळा पडू नये म्हणून नऊ दिवसांची प्रार्थना झाली. फादरनी विचारलं की एवढं कोणाचं दुखतंय, तेव्हा मला उभं राहून सगळं सांगावं लागलं.

अखेर काउंटर मिळाला. हुकुमात लिहिलं होतं: 'एक नग, निरुपयोगी, जळाऊ लाकूड म्हणून देण्यात येत आहे.' त्याशिवाय दुसरा रकानाच नव्हता. रकानेही मीच आखले होते. मी मुकाट्याने सही केली आणि काउंटर तीनचाकीवर बांधून आणला. बासिल्यो म्हणाला, "याची गिटार छेडली की 'उद्या या' असा आवाज येईल." ते वाक्य त्याने गल्लीत किमान बारा घरी जाऊन सांगितलं.

तातयनी काउंटरवरून तळवा फिरवला. एका फळीच्या कडेला उथळ खळगे पडले होते. "हे तुझ्या हातांनी?" त्यांनी विचारलं.

मी ढलपीवर लिहिलं, 'नाही. मी आतल्या बाजूला बसायचो.'

ते थोडा वेळ खळग्यात कोपर ठेवून उभे राहिले. "मग हे उभे राहणाऱ्यांचे," म्हणाले. "हीच फळी घे."

त्यानंतर मी रंधा धरायला शिकलो, आणि अंगठ्याला पट्टी बांधायला शिकलो. फळी चिरून पातळ पापुद्रे काढायचे, भिजवायचे, आणि तापलेल्या नळीवर दाबत दाबत गिटारीच्या कमरेसारखे वाकवायचे. पहिली पट्टी मोडली. दुसरी मोडली. कुंपणापलीकडे बासिल्यो खुर्ची टाकूनच बसला होता. पट्टी मोडली की दर वेळी तो "माझंही असंच झालं होतं" म्हणायचा. शेवटी दोनच पट्ट्या उरल्या, एक डावीकडची, एक उजवीकडची. मी तिसरी जोर लावून नळीवर ठेवली तशी तातयनी माझा हात धरला.

"एकतीस वर्षं कचेरीत कधी घाई केली नाहीस," ते म्हणाले. "इथेच कसली करतोस?"

बोलणं मनाला लागलं, पण उपयोगी पडलं. मी नळीवर पट्टी ठेवली आणि साहेबांच्या सहीची वाट बघावी तसा नुसता बसलो. पाणी सुर्र करून उडालं, पट्टी सैल पडली आणि हाताबरोबर वळली. दुसरीही वळली. ओट्यावर वह्या तपासत बसलेल्या मेनिंगने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि पुढची वही घेतली. आयुष्यात मला कोणी पदक दिलेलं नाही. दिलं असतं तर एवढंच बरं वाटलं असतं.

सातव्या आठवड्यात खोका बंद झाला. पुढची पातळ फळी सरसाने चिकटवली, शिकंजे लावले, दुसऱ्या दिवशी काढले, आणि माझा चष्मा सापडेना. घर शोधलं, अंगण शोधलं. मग खोका हलवला आणि आत खडखडलं.

मधल्या भोकातून हात आत घातला. हात गेला. चष्मा हाताला लागला. मूठ मात्र बाहेर येईना. चष्मा सोडला असता तर हात आला असता, पण इतक्या खटपटीने सापडलेली वस्तू सोडून देणं मला जमत नाही. असा मी कोपरापर्यंत गिटारीत अडकून अंगणात उभा असताना फाटक वाजलं. बगलेत फाईल घेऊन मिस ओबेंसा आली होती.

"सर, पाहणी करायची आहे. लाकूड जाळलं का?"

मी म्हटलं, "तसं बघायला गेलं तर..."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं, हाताला लटकलेल्या खोक्याकडे पाहिलं. आतल्या बाजूला अर्धवट पुसलेला आमच्या कचेरीचा शिक्का होता. कोणीतरी कधीतरी कागद सोडून काउंटरवरच मारलेला. तो तिला हाताशेजारच्या फटीतून दिसला. "सर, हुकूम जळाऊ लाकडाचा आहे," ती म्हणाली. "दुसरा वापर झाला तर वस्तू परत जमा करावी लागते. हे तुम्हीच शिकवलंत."

मी भाषण करायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेनिंग पेजेचा वाडगा घेऊन बाहेर आली. "मिस ओबेंसा, आधी बसा. आणि मला एक सांगा, हुकुमात जाळायची तारीख दिली आहे का?"

मिस ओबेंसाने फाईल उघडली. खालून वर आणि वरून खाली वाचली. "नाही."

"मग उशीर झालेला नाही."

मिस ओबेंसाने पेजेचे चार घास खाल्ले आणि पाहणीच्या अहवालात सावकाश लिहिलं: 'लाकूड अर्जदाराकडे सुरक्षित आढळले. अद्याप जाळलेले नाही.' मला तिचा अभिमान वाटला. मी चष्मा सोडला. मेनिंगने आपला बारीक हात आत घालून तो काढून दिला.

तारा चढल्या आणि रविवार ठरला. सुळ्याने सगळ्यांचा जीव टांगणीला लावून आठ आठवडे काढले होते. सकाळी अंगणात अर्धी गल्ली जमली. डॉक्टरीणबाई आल्या, बेकरीवाली आली, बासिल्यो बायकोला घेऊन आला. तातय नवा सदरा घालून, आत बसून पेज खात होते. त्यांनी चमचा तोंडातून काढला, त्याकडे पाहिलं, आणि चमचा टेबलावर ठेवला. पेजेत सुळा होता.

"चिचारोनला पुरून उरला आणि पेजेत गेला," बासिल्यो म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही.

तातय बाहेर आले. गिटार घेऊन त्यांनी कड हिरड्यांवर दाबली आणि मला खूण केली. मी सहाही तारा छेडल्या; मला तेवढंच येतं. त्यांनी पुन्हा खूण केली, मी पुन्हा छेडल्या. त्यांनी मान हलवली, पण आडवी. "मऊ मांसाला काही कळत नाही," ते म्हणाले. "न ऐकता हो म्हणणार नाही, आणि न ऐकता नाही म्हणणंही बरोबर नाही. संपलं माझं काम." आणि गिटार मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, एकसष्टाव्या वर्षी, अर्ध्या गल्लीसमोर, अंगठ्याला पट्टी बांधलेला मी रडलो.

मेनिंगने ओल्या हाताने पोलक्याची बाही वर सारली. ती तातयच्या समोर, त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली. "तातय, मला अठ्ठावीस दात आहेत," ती म्हणाली. "आणि या माणसाबरोबर राहायचं मला आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं नव्हतं. आज मी ऐकणार."

"तेव्हा विचारलं असतं तर?" बासिल्योच्या तोंडून निघून गेलं.

"तरी नापासच केलं असतं, बासिल्यो."

यावर सगळ्यात जास्त बासिल्योची बायको हसली.

मेनिंगने गिटार उचलली, बाप ज्या जागी दात रोवायचा त्याच जागी दात रोवले, आणि डोळे मिटले. मी तारा छेडल्या. तिने बोटाने खूण केली: पुन्हा. मी पुन्हा छेडल्या. तिसऱ्यांदा घाईत दोन तारा राहूनच गेल्या. तिने तोंड सोडवलं आणि निकाल सांगितला.

"पंचाहत्तर."

आमच्या शाळेत पंचाहत्तरला पास होतात. चौऱ्याहत्तरला पुन्हा त्याच वर्गात.

"वर एकही नाही," ती म्हणाली. "जाडी तार घोगरी आहे आणि चौथी कुरकुरते. पण पास."

तातयनी तिचे ओठ वाचले होते. "मला न ऐकवताच?" ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा असा लहान झालेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

मेनिंग त्यांच्याजवळ खाली बसली. तिने पुन्हा कड दातांत धरली, बापाच्या मानेमागे हात घालून त्यांचं डोकं ओढलं आणि आपल्या कानशिलाला त्यांचं कानशील घट्ट टेकवलं. मला डोळ्यांनीच म्हणाली, छेडा. मी छेडल्या, सहाच्या सहा. तातयचे ओठ हलले. मी थांबलो तर ते म्हणाले, "थांबू नको, पोरा." मग मी छेडतच राहिलो, आणि ते तसेच डोकं टेकवून बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मेनिंगच्या गालावर उतरत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आलं," ते म्हणाले. "कचेरीचं लाकूड. मला वाटलं होतं, ताटकळत ठेवेल. पण नाही ठेवत. हात लावला की बोलतं." मग त्यांनी मुलीला विचारलं, "किती दिलेस म्हणालीस?"

"पंचाहत्तर."

"जास्त आहेत," तातय म्हणाले. "पण आता दिलेस तर राहू देत." आणि त्यांनी उभी मान हलवली.

लग्नाला मिस ओबेंसा आली होती. मी आता तातयच्याच घरी राहतो. मेनिंग हलली नाही, मीच हललो. माझी दुसरी गिटार चालू आहे, पट्ट्या अजून मोडतात, आणि ऐकायची वेळ आली की तातय खुर्ची ओढून मुलीशेजारी बसतात. पहिली गिटार भिंतीवर आहे, कडेला दोन दातांची खूण. कचेरीकडून वर्षातून एकदा पत्र येतं, की दिलेलं लाकूड जाळलं किंवा कसे, ते कळवावे. मी 'अद्याप नाही' असं उत्तर तीन प्रतींत लिहितो, आणि साक्षीदार म्हणून खाली मेनिंग सही करते.